मागच्या सीटवर कोण बघतंय

कुठल्याही ओळखीच्या माणसाच्या गाडीत मागे बसा आणि बेल्टचं बकल शोधून दाखवा. पट्टा वरून लोंबत असतो, तो दिसतो, पण ते लाल बटणवालं टोक, ज्यात पट्टा अडकवायचा, ते नसतं. म्हणजे असतं, सीटच्या फटीत खोल कुठेतरी, आणि हात घातला की आधी हाताला लागतो चिक्कीचा कागद, मग बिस्किटाचा चुरा, मग एखादी केसांची पिन, आणि तुम्ही असे खांद्यापर्यंत वाकून चाचपडत असता तेव्हा पुढून आवाज येतो, अहो राहू दे, मागे नाही लागत.

मागे नाही लागत. या तीन शब्दांवर अख्खा महाराष्ट्र फिरतोय.

आमच्या गाडीला सीट कव्हर बसवायला नाना पेठेत गेलो होतो तेव्हा त्या कारागिराने अगदी सहज विचारलं, मागचे बकल आत दाबून टाकू ना मॅडम, बसताना टोचतात लोकांना. मी म्हटलं नको, वरच ठेवा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडीला बैल जुंपायचे आहेत का असं विचारलंय. नवऱ्याकडे बघून म्हणाला, सगळे आतच टाकून घेतात साहेब. त्याचं काही चुकत नव्हतं, तो गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते देत होता. मग त्याला हेही सांगायला लागलं की पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेलं छोटं लेबल आहे तिथून कव्हर गच्च शिवू नका, ती एअरबॅग सीटच्या आतून फुटते, वरून जाड रेक्झिन असेल तर ती उघडणार कशी. हे त्याला माहीत होतं. म्हणाला, कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे बेल्ट हा शरीरासाठी नसतोच, तो बघणाऱ्यासाठी असतो. पुढे बसलेला माणूस काचेतून दिसतो, चौकातल्या पोलिसाला दिसतो, आता कॅमेऱ्यालाही दिसतो, म्हणून पुढे बेल्ट. मागे कोण बघतंय? सिग्नल आला की पट्टा नुसता अंगावरून ओढून हातात धरून बसणारी माणसं मी पाहिलीयेत, बकलमध्ये न अडकवता, खरंच हातात धरून, आणि सिग्नल सुटला की सोडून देतात. अडकवायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्याच वेळात हे सगळं करतात. त्यामुळे आळस वगैरे म्हणतात ते मला पटत नाही.

आणि पोलीस नसतील, नुसती घरचीच माणसं असतील, तर बेल्ट लावणं हा थोडासा अपमानच असतो. माझे चुलत सासरे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, चाळीस वर्षं गाडी चालवतायत, फियाटपासून. त्या फियाटमध्ये पुढे सलग बाकासारखी सीट होती, तिच्यावर तिघं, आणि मधे एक पोर उभं, डॅशबोर्डला धरून. बेल्ट नव्हतेच, आपल्याकडे नव्वदच्या दशकात पुढच्या सीटला आले आणि मागे त्याच्याही नंतर. तर त्यांच्या गाडीत मी मागे बसून बेल्ट ओढला की आरशातून बघतात आणि म्हणतात, काय गं, माझ्यावर विश्वास नाही का? यावर काय बोलणार? तुमच्यावर आहे हो काका, पण समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या ट्रॅक्टरवर नाही. ट्रॅक्टर, तोही उसाचा, मागे दोन ट्रॉल्या आणि एकालाही लाल दिवा नाही. त्याचं तुमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाशी काही देणंघेणं नाही.

3 जून 2014 आठवतोय का? गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता, सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते, शहरातल्या शहरात, चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली. ते मागे बसले होते, बेल्ट नव्हता. बाहेरून मोठी जखमही दिसत नव्हती म्हणे, आत यकृत फाटलं होतं आणि मानेला मार होता. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर, त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की बेल्ट लावला असता तर मुंडे वाचले असते. अख्खा बीड जिल्हा तेव्हा परळीकडे लोटला होता. पण त्या गर्दीत जीपच्या टपावर बसून आलेल्यांचं सोडा, टीव्हीवर ते सगळं बघून हळहळलेल्या आमच्यासारख्यांच्या गाड्यांमधली मागची बकलं काही वर आली नाहीत.

मग 4 सप्टेंबर 2022. सायरस मिस्त्री, पालघरमध्ये चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर. गाडी मर्सिडीज, पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. यानंतर मात्र जरा धावपळ झाली, मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असं जाहीर केलं, आणि लोक म्हणायला लागले, काय हा नवीन कायदा! नवीन कसला, मागच्या सीटचा नियम आधीपासून पुस्तकात होताच, फक्त कोणी वाचला नव्हता. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 194 ब असं कलमच आहे. बेल्ट नसेल तर 1000 रुपये, आणि 14 वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर गाडी चालवणाऱ्याला 1000 रुपये. हे दुसरं वाक्य मी जितक्या लोकांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना वाटलं मी अमेरिकेबद्दल बोलतेय.

आकडे नको म्हणाल पण एकच सांगते. केंद्राच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात बेल्ट न लावता गेलेले लोक 16,715 आहेत, त्यातले 8,384 चालक आणि 8,331 बाजूला-मागे बसलेले. निम्मे जवळजवळ. म्हणजे ज्यांना "तुला काय करायचंय बेल्ट, तू कुठे चालवतोयस" असं म्हटलं जातं ते.

काकांना मात्र आकड्यांनी फरक पडला नाही, त्यांना फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. त्यांची तक्रार होती की बेल्ट आवळतो, हलता येत नाही. तर त्यांच्याच गाडीत, पार्किंगमध्ये, मी म्हटलं काका पट्टा हळू ओढा. ओढला, आला. सोडा. गेला. आता हिसका देऊन ओढा. अडकला! परत हळू, आला. परत हिसका, अडकला. खांबाच्या आत जे रीळ असतं ते हिसका बसला की लॉक होतं, एरवी तुम्ही वाकून चप्पल घाला, मागे वळून भांडा, काही म्हणत नाही. काका मेकॅनिकल डिप्लोमावाले, आयुष्य कारखान्यात गेलं, ते पाच मिनिटं नुसतं ओढत-सोडत बसले आणि मग म्हणाले, चांगलं आहे की हे. त्यानंतर पुढे बसून स्वतः नीट लावतात. मागे बसले की अजूनही नाही, हे वेगळं.

तेव्हा मी दुसरं अस्त्र काढलं. म्हटलं, काका तुम्ही मागे मोकळे बसता, तुमचं वजन ऐंशी किलो, गाडी आपटून जागच्या जागी थांबली तरी तुम्ही थांबणार नाही, तुम्ही त्याच स्पीडने पुढे येणार आणि पुढे काकू बसलीये, बेल्ट लावून, तिच्या पाठीत. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा अभ्यास 2002 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी मागचे मोकळे असतील तर पुढच्याचा मरणाचा धोका जवळजवळ पाचपट होतो असं त्यात निघालं. काकू लगेच मागे वळून म्हणाली, लावा हो तुम्ही, आयुष्यभर पाठीशी लागलात तेवढं पुरे!

हे सगळं मोठ्यांचं झालं, त्यांना निदान बोलता येतं. खरी लढाई आमच्याकडे झाली ती लेकीच्या सीटवरून, आणि ती सासूबाईंशी. सासूबाई म्हणजे आई, मी त्यांना आईच म्हणते, अतिशय समंजस बाई आहेत, आणि गंमत अशी की कार सीट या विषयात त्या माझ्यापेक्षा आधी तयार झालेल्या होत्या.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आई तिकडे गेल्या होत्या, डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, वेखंड, सगळा सरंजाम बॅगेत घालून. तिथे हॉस्पिटलमधून घरी सोडताना नर्सने आधी विचारलं कार सीट आणलीये का, बाळ खोलीतच सीटमध्ये ठेवायला लावलं, पट्टे बघितले, मगच जाऊ दिलं. दोन वर्षांचं होईपर्यंत सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, हे तिथल्या कायद्यातच आहे. मग पुढची मोठी सीट, मग बूस्टर, आठ वर्षांपर्यंत. आईंनी हे सगळं शिकून घेतलं. खांद्यावरून दोन पट्टे, कमरेवरून दोन, पायामधून एक, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत, आणि पट्टा पुरेसा घट्ट आहे का हे बघायला गळ्याजवळच्या हाडापाशी तो चिमटीत पकडून बघायचा, चिमटीत आला तर सैल. थंडीचं फुगीर जॅकेट काढून मग पट्टे लावायचे आणि जॅकेट वरून पांघरायचं, कारण जॅकेट दाबलं जातं आणि पट्टा आपोआप सैल होतो. हे सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलंय, कौतुकाने, फोटो दाखवून. नातवाला तिथे त्या एकट्या सीटमध्ये बसवायच्या, जावई हाताची घडी घालून उभा.

आणि मग माझी लेक झाली, इथे, पुण्यात. हॉस्पिटलमधून निघताना मी सीट आधीच गाडीत बसवून ठेवलेली, आणि आई म्हणाल्या, अगं एवढंसं अंतर, मी घेते ना मांडीवर.

मी म्हटलं, आई, तिकडे तर तुम्ही...

तिथलं वेगळं गं.

काय वेगळं? मी खरंच विचारते, भांडायला नाही. तिथे लेन आहेत, लोक थांबतात, कुत्रं मधे येत नाही, स्पीडब्रेकर आधी दिसतो. इथे सिंहगड रोडवर संध्याकाळी सहा वाजता बाळ घेऊन निघायचं म्हणजे चहूबाजूंनी टू-व्हीलर, समोर पीएमपीची बस, डावीकडून रिक्षा, आणि कधी कुठे करकचून ब्रेक मारायला लागेल सांगता येत नाही. जिथे गरज जास्त तिथेच लागत नाही असं कसं? पण आईंना जे म्हणायचं होतं ते रस्त्याबद्दल नव्हतंच. तिथे कायदा आहे, नर्स बघतेय, शेजारीण बघतेय, पोलीस पकडेल. इथे आपलीच माणसं. परत तेच, कोण बघतंय.

शिवाय मांडी. आपल्याकडे मांडीपेक्षा सुरक्षित जागा जगात नाही. बारसं मांडीवर, कान टोचणं मांडीवर, उष्टावण मामाच्या मांडीवर, ताप आला तर रात्रभर मांडीवर. आजीची मांडी तर विचारूच नका. तिच्यातून बाळ काढून प्लास्टिकच्या सीटमध्ये अडकवायचं, तेही पाठमोरं, हे ऐकायलाच निष्ठुर वाटतं, आणि जी सून हे करते ती शिकलेली असते पण मायाळू नसते असा एक हिशोब सगळ्या नातेवाईकांच्या डोळ्यात दिसतो.

म्हणून मी तेव्हा एक गणित केलं होतं, शाळेतलंच, कोणीही करू शकतं. गाडी ताशी 50 ने चाललीये, म्हणजे सेकंदाला साधारण 14 मीटर. आपटली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली. दहा किलोचं मूल त्या क्षणी हातात धरून ठेवायचं तर सुमारे 140 किलो वजनाएवढा जोर लागतो. कोणाच्या हातात आहे? पहिलवानाच्या नाही, आजीच्या तर सोडाच, आणि आजीने बेल्ट लावलेला नसला तर ती स्वतः बाळाच्या मागोमाग पुढे येणार आणि बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मधे. काही जण त्यावर उपाय म्हणून आपला बेल्ट बाळाला धरून दोघांवरून लावतात, ते तर त्याहून वाईट, मोठ्या माणसाचा सगळा भार त्या पट्ट्यावर येतो आणि मधे बाळ. दुसरीकडून बघायचं तर 50 च्या स्पीडने आपटणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं, दहा मीटर. एक्सप्रेसवेवर 100 ने म्हणाल तर बारा-तेरा मजले, कारण स्पीड दुप्पट झाला की उंची चौपट होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर कोणी बाळ घेऊन बसलं तर आपण ओरडू. आईंना मी मजल्यांचं सांगितलं, किलोचं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण आमच्या गॅलरीकडे एकदा बघितलं त्यांनी. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच राहतो.

पुढच्या सीटवर एखादी आई, मांडीवर तिचं बाळ, आणि समोर डॅशबोर्डवर एअरबॅग असं लिहिलेलं, हे दृश्य तर रोज दिसतं. ती एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, मोठ्या माणसाची छाती अडवायला बनवलेली, आणि तिच्या नि आईच्या मधे बाळाचं डोकं. यापुढे लिहवत नाही.

तर त्या दिवशी बाळ सीटमधूनच घरी आलं, पण अर्धा तास लागला, कारण नर्सने दुपट्यात इतकं सुरेख गुंडाळून दिलं होतं, नुसतं तोंड बाहेर, वर लोकरीची कुंची, आणि पायामधून पट्टा घालायचा तर पाय हवेत ना! तिथल्या जॅकेटचा आणि आपल्या दुपट्याचा प्रश्न एकच. गाडीच्या दारात उभं राहून दुपटं सोडवलं, झबलं आणि पायजमी, पट्टे आवळले, मग दुपटं वरून घातलं. या सगळ्यात बाळ किंचाळतंय, वॉचमन काका येऊन बघून गेले, आणि कोणीतरी मागून म्हणालं, काय हाल चाललेत लेकराचे. आणि मग आईच पुढे झाल्या. मला बाजूला केलं, पट्टा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, सैल आहे, अजून ओढ. न्यू जर्सीचं ट्रेनिंग बोटात होतंच, फक्त इथे चालतं का याची परवानगी मिळायची होती.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सीटना ती छातीवरची क्लिप नसते, युरोपच्या पद्धतीच्या असतात, म्हणून त्या थोडा वेळ क्लिप शोधत होत्या. सीट घेताना लेबल बघायचं असतं, त्यावर सुरक्षेच्या मानकाचा नंबर, म्हणजे युरोपचा आर 44 किंवा आर 129 किंवा आपला एआयएस 072 असं काहीतरी असलं पाहिजे, नुसतं गुबगुबीत कापड आणि वर अस्वलाचं चित्र म्हणजे कार सीट नाही. बाळाला घरात झोपवायच्या टोपलीवजा सीट असतात त्या गाडीत ठेवून लोक निर्धास्त असतात, ते बघून मला धडकीच भरते. बसवल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवायची, इंचभरापेक्षा जास्त हलली तर नीट बसलेली नाही. आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवायची सोय, असेल तर सोपं, दोन खटके वाजतात आणि झालं. पण मधल्या सीटला बऱ्याच जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे फारशा सीट बसतच नाहीत. आणि उन्हाळा! मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की त्या बकलचा धातूचा भाग असा तापतो की चटका बसतो, म्हणून आम्ही सीटवर ओला नव्हे, साधा जाडसर पंचा टाकून ठेवतो आणि बसवायच्या आधी बकलला हात लावून बघतो. अकोला-नागपूरकडचे लोक हे वाचून हसतील, त्यांच्याकडे दाराची कडीसुद्धा धरवत नाही.

पाठमोरं का बसवायचं हे मला सर्वांना समजावायला लागलं. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं, मान कच्ची, मणक्याची हाडं अजून पुरती हाड झालेली नसतात. तोंड पुढे करून बसवलं आणि गाडी आपटली तर धड पट्ट्याने अडतं पण डोकं पुढे जातं, सगळा ताण मानेवर. पाठमोरं असलं तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. स्वीडनमध्ये चार-चार वर्षांची पोरं पाठमोरी बसतात. आमच्याकडे मात्र, अगं तिचं तोंड दिसत नाही, तिला आपण दिसत नाही, तिला एकटं वाटेल. शेवटी मागच्या हेडरेस्टवर छोटा आरसा लावला, मग आई पुढे बसून आरशातल्या आरशात तिच्याशी गप्पा मारायच्या.

रडणं. हा भाग कोणी सांगत नाही. ही पोरं त्या सीटमध्ये रडतात, खूप रडतात, आणि बोरघाटात, जिथे थांबायला जागा नाही, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, तिथे नेमकी रडतात. गाडीतली सगळी माणसं एका सुरात, घे गं तिला जरा, घे गं. चालवणारा नवरा पण, ज्याने ती सीट स्वतः निवडली होती. त्या वेळी पट्टा न सोडता नुसता हात तिच्या पोटावर ठेवून बसणं, हे मला वाटतं आयुष्यातल्या अवघड गोष्टींपैकी असेल. मला कुठलाही रामबाण उपाय माहीत नाही. दीड-दोन तासांनी थांबायचं, बाहेर काढायचं, दूध, लंगोट बदल, जरा हवा खाऊन परत. मुंबईला पोचायला चार तास लागतात, लागू देत. काही महिन्यांनी रडणं आपोआप थांबलं, कारण तिला गाडी म्हणजे ही जागा एवढंच माहीत होतं, मांडी हा पर्याय तिने गाडीत कधी पाहिलाच नाही.

गरोदर बायकांना तर सल्ल्यांचा पाऊसच असतो, बेल्ट लावू नको, पोटावर दाब येईल. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला निघालेली हिरवी साडी नेसलेली मुलगी पुढच्या सीटवर, बेल्ट पाठीमागे अडकवलेला, गाडी ओरडू नये म्हणून. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर हाडावर, आणि तिरका पट्टा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने, असा लावायचा असतो. डॉक्टर विचारलं तर सांगतात. विचारत कोणी नाही.

ती ओरडणारी गाडी ही एक वेगळीच कथा. 1 जुलै 2019 पासून नवीन गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टचा अलार्म सक्तीचा झाला, आणि आपण काय केलं? त्या बकलमध्ये खोचायला नुसत्या धातूच्या चकत्या विकायला काढल्या, वर गाडीच्या कंपनीचा लोगो, काहींना तर मागे बाटली उघडायची सोय. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या, तेव्हा 13,118 लिस्टिंग निघाल्या. बेल्ट लावायचे कष्ट वाचवायला बेल्टचीच जीभ विकत घेऊन ती लावायची! रोज लावायची, ही अशी, ठक्क करून. हात तोच, खटका तोच.

ज्या माणसाने हा तीन ठिकाणी बांधणारा पट्टा काढला, नील्स बोलिन, तो आधी लढाऊ विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवायचा. मग व्होल्वोत आला आणि 1959 मध्ये माणूस आत धरून ठेवणारा पट्टा केला. त्याची सगळी हुशारी यात होती की एका हाताने लागला पाहिजे, नाहीतर लोक लावणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. कंपनीने पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. बिचाऱ्याने एका हाताचा विचार केला, त्या हाताने माणूस चकती खोचेल याचा नाही केला.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सारखी टोचते ती लिहिलीच पाहिजे, की ही कार सीटची चर्चा गाडी असणाऱ्यांची आहे. चांगली सीट सात-आठ हजारांच्या पुढेच सुरू होते, वर कितीही. आमच्या कामवाल्या मावशींची नात रोज स्कूटीवर पुढे उभी राहून बालवाडीत जाते, हँडलला धरून, वडील चालवतायत, आई मागे, तिच्या कडेवर धाकटा. फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना टू-व्हीलरवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा सेफ्टी हार्नेस हवा, आणि स्पीड 40 च्या आत, असा नियम आहे. मी तो हार्नेस रस्त्यावर एखाद्-दुसराच पाहिलाय. साताऱ्या-कोल्हापूरकडे वडापच्या जीपमध्ये मागे आडव्या बाकावर समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून दहा-बारा माणसं बसतात, मांड्यांवर पोरं, तिथे कुठला बेल्ट आणि कुठलं बकल. त्यांना मी काय सांगणार. एसटीची फेरी बंद झाली म्हणून वडाप आहे, वडाप भरल्याशिवाय निघत नाही म्हणून बारा माणसं आहेत. त्यांना दंड लावून काही होणार नाही. पण ज्यांच्या गाडीत पाच बेल्ट कंपनीने फुकट बसवून दिलेत आणि ते पैसे देऊन कव्हरखाली गाडून घेतात, त्यांना मात्र मी सोडत नाही. त्यांच्या गाडीत बसले की आधी हात फटीत घालते, चिक्कीचा कागद काढून त्यांच्या हातात देते आणि मग बकल बाहेर ओढते. थोडी बदनामी झालीये माझी. एका मावसदिरांनी तर मी येणार म्हटल्यावर आधीच मागची बकलं फटीतून वर काढून ठेवली होती, सगळी, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाले, इन्स्पेक्टर आल्या.

आता गणपती येतायत. गाव देवरुखजवळ, पुण्याहून जायचं म्हणजे घाट उतरून, पाऊस असणारच. दरवर्षी एका गाडीत सहा मोठे आणि पोरं मिळून जायचे, मधे कोणीतरी अर्ध्या ढुंगणावर बसायचं, मोदकाचं पातेलं पायात. आता सीटसकट लेक म्हणजे एक पूर्ण जागा गेली, पाच बेल्ट म्हणजे पाच जीव, तर दोघं उरतात. कोण उरणार यावर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालू होती, नणंदसुद्धा न्यू जर्सीतून मतं देत होती, जिचा काही संबंध नाही. शेवटी काकांनीच टाकलं, आम्ही दोघं एसटीने येतो. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झालीयेत म्हणून तिकीट फुकट, काकूला बायकांचं अर्धं. खाली अजून एक ओळ होती, आणि सूनबाईंना सांगा, एसटीत बेल्ट नसतो!